आपत्काळाची पिशवी : भैरवगढच्या नदीकाठावरून एक पाठ

उज्जैन नगराच्या उत्तरेस क्षिप्रेच्या काठी भैरवगढ ही जुनी वस्ती आहे. काळभैरवाचे मंदिर, सिद्धवटाचा घाट आणि मेणाच्या साहाय्याने होणारी बाटिक छपाई यांसाठी ती प्रसिद्ध आहे. महाकालेश्वराच्या दर्शनास जाणारे महाराष्ट्रातील अनेक यात्रेकरू येथेही येतात. पावसाळ्यात क्षिप्रेला मोठा पूर आला म्हणजे उज्जैनच्या रामघाटावरील मंदिरे पाण्याखाली जातात. मे २०१६ मध्ये सिंहस्थ पर्वात आलेल्या वादळी पावसाने मंडप कोसळून काही भाविकांना प्राणास मुकावे लागले. नदी, यात्रेची गर्दी आणि छपाईच्या घरांतील तापलेले मेण असे तीन वेगवेगळे धोके येथे एकत्र आढळतात. म्हणून घाईने घर सोडताना न्यावयाची पिशवी कशी सिद्ध करावी, याचा विचार या वस्तीचे उदाहरण समोर ठेवून करणे उपयुक्त ठरेल.

पिशवीचा हेतू

मदत पोहोचेपर्यंतचे पहिले तीन दिवस स्वतःच्या बळावर निभावता यावेत, एवढाच या पिशवीचा हेतू होय. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगेच्या महापुरात सांगली-कोल्हापूर भागातील असंख्य कुटुंबांना घर सोडून निवारा केंद्रांत राहावे लागले. अशा वेळी घरात काय होते याला महत्त्व राहत नाही. पाठीवर काय होते, याला राहते. पिशवी कुटुंबाची एकच नसावी. चालू शकणाऱ्या प्रत्येकाची स्वतंत्र असावी. कारण गर्दीत माणसांची ताटातूट होते.

वजनाचा हिशेब

ज्याची पिशवी त्याला ती उचलून अर्धा तास चालता आले पाहिजे. सर्वसाधारण प्रौढाने स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भार ठेवावा. ५० किलो वजनाच्या व्यक्तीस म्हणजे सुमारे ५ किलो. माणशी दररोज ३ लिटर पाणी धरले, तर तीन दिवसांचे पाणीच ९ किलो भरते. ते नेणे शक्य नाही. यास्तव २ लिटर पाणी व क्लोरिनच्या गोळ्या घ्याव्यात. गढूळ पाणी चार पदरी कापडातून गाळून, पुडीवरील सूचनेप्रमाणे गोळी टाकून, किमान अर्धा तास थांबून प्यावे. उरलेल्या ३ किलोंत १ किलो खाद्यपदार्थ, १ किलो चादर व कपडे आणि १ किलो औषधे, विजेरी, शिट्टी, दोरी व कागदपत्रे असा विभाग करावा.

खाद्यपदार्थ न शिजवता खाता येणारे असावेत. फुटाणे, शेंगदाणे, गूळ व राजगिऱ्याचे लाडू उत्तम. माळव्यात सेव-परमल घरोघरी असते; परंतु खारट सेवेने तहान वाढते, हे ध्यानात ठेवावे. जुलाब झाल्यास १ लिटर शुद्ध पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून द्यावे. म्हणून या दोहोंच्या पुड्या सोबत असाव्यात.

औषधे व कागदपत्रे

रक्तदाब, मधुमेह, दमा यांची औषधे किमान सात दिवसांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. इन्सुलिन थंड ठिकाणी ठेवावे लागत असल्याने पिशवीवर ‘इन्सुलिन घेणे’ अशी चिठ्ठी लावावी. आधारपत्र, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक व सातबारा यांच्या छायाप्रती जाड प्लास्टिकच्या पाकिटात बंद कराव्यात. ओसरलेल्या पुरानंतर पंचनामा व साहाय्य मिळविताना ओळख व बँक खाते विचारले जाते. हातकारागिराने आपले ओळखपत्र व मागणीची वहीही सोबत ठेवावी. उपजीविका पुन्हा उभी करण्यास तिचा उपयोग होतो. भ्रमणध्वनीची विद्युत संपते, म्हणून नातलगांचे क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत. आपत्कालीन क्रमांक ११२ व जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ सर्वांत वर लिहावा.

पिशवीची जागा

पुराची चाहूल बहुधा काही तास आधी लागते. आगीची व भूकंपाची लागत नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, लोक झोपेत असताना झाला. म्हणून पिशवी माळ्यावर अथवा कपाटात न ठेवता दाराजवळ, जमिनीपासून उंच खुंटीवर टांगावी. जेथे मेण तापविले जाते, त्या घरात ती चुलीपासून दूर असावी. पेटलेल्या मेणावर पाणी ओतू नये, त्याने भडका उडतो. पिशवी हाताशी नसेल तर तिच्यासाठी परत फिरू नये. ती जीव वाचविण्यासाठी आहे, जीव धोक्यात घालण्यासाठी नव्हे.

निगा

वर्षातून दोनदा, मृग नक्षत्रापूर्वी व दिवाळीनंतर, पिशवी उघडावी. पाणी व खाद्य बदलावे, औषधांची मुदत पाहावी, विजेरीचे सेल बाहेर काढून वेगळे ठेवावेत, वाढत्या मुलांचे कपडे बदलावेत. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील २०२७ व उज्जैन येथील २०२८ च्या सिंहस्थास जाणाऱ्यांनी हीच पिशवी लहान स्वरूपात बरोबर न्यावी आणि लहान मुलांच्या खिशात नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

स्वाध्याय : येत्या रविवारी घरातील प्रत्येकाने आपली पिशवी भरून तिचे वजन करावे, ती पाठीवर घेऊन जवळच्या उंच व सुरक्षित जागेपर्यंत चालून जावे आणि वाटेत जड वाटलेली कोणती वस्तू वगळता येईल, हे ठरवावे.