जीमूतवाहनाचं लाल वस्त्र

॥ श्री गुरवे नमः ॥



मागच्या रविवारी सत्संगात कॉलेजला जाणाऱ्या एका मुलाने विचारलं, “तत्त्वासाठी मरण पत्करणं आणि आत्महत्या, यात फरक काय?” पोराने नेमकं विचारलं. उत्तरासाठी आज सम्राट हर्षवर्धनाचं सातव्या शतकातलं पाच अंकी संस्कृत नाटक ‘नागानंद’ पाहू या.

गरुडाला रोज एक नाग द्यायचा, असा करार झालेला. त्या दिवशी पाळी शंखचूडाची. त्याची आई रडतेय. नुकतंच लग्न झालेला राजपुत्र जीमूतवाहन म्हणतो, “तुझ्या जागी मी जातो.” शंखचूड ऐकत नाही, दुसऱ्याच्या जिवावर जगणं त्याला मान्य नाही. तो देवदर्शनाला जातो, तेवढ्यात जीमूतवाहनाच्या सासरहून लग्नाची लाल वस्त्रं येतात. वध्याची खूणही लालच! तीच पांघरून तो शिळेवर जाऊन बसतो.

गरुड त्याला खाऊ लागतो, पण याच्या चेहऱ्यावर ना भीती, ना राग. गरुडच चपापतो. इतक्यात शंखचूड धावत येतो : “नाग मी आहे, मला खा!” गरुडाला पश्चात्ताप होतो. शेवटी गौरीच्या कृपेने जीमूतवाहन जिवंत होतो आणि गरुड हिंसा सोडतो.

आता मुलाचं उत्तर. भरतमुनींचं नाट्यशास्त्र, अभिनवगुप्तांच्या टीकेसह, आपल्या बडोद्यातूनच गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये १९२६ पासून छापून निघालं. त्यात वीराचे तीन प्रकार आहेत : दानवीर, धर्मवीर, युद्धवीर. पण तिघांच्या मुळाशी भाव एकच, उत्साह. फरक इथेच आहे बघा. जीमूतवाहन जगण्याला कंटाळलेला नाही. त्याला मरायचं नाहीये, त्याला शंखचूडाला वाचवायचंय. जिथे निराशा आहे, तिथे ते वीरत्व नाही, ते दुखणं आहे. घरात कोणी असं बोलत असेल तर उपदेश करू नका. जवळ बसा, ऐकून घ्या, डॉक्टरांकडे न्या.

आणखी एक. हर्षाने घरच्यांचं दुःख झाकलेलं नाही. म्हातारे आईवडील आणि नवी नवरी मलयवती चितेत शिरायला निघतात. जीमूतवाहनाने त्यांना विचारलं नव्हतं. तत्त्व एकाचं असतं, किंमत मात्र घर भरतं. म्हणून तत्त्वाला कमी लेखू नये आणि घरालाही विसरू नये.

आपल्यावर प्राण देण्याची वेळ बहुधा येणार नाही. पण खोट्या कागदावर सही नाकारली की बढती जाते, नातेवाईक दुरावतात. तेव्हा आपली लाल वस्त्रं तीच.

घरच्या बैठकीसाठी प्रश्न :
१. मी जे सोडलं, ते कंटाळून की कुणासाठी?
२. त्याची किंमत मी भरली की घरच्यांनी?
३. त्यांना मी आधी सांगितलं होतं का?

लहान-थोर सगळ्यांनी बोला. मोठ्यांनी आधी ऐका.

जय गुरुदेव 🙏