तापाचे मूळ बांधीच्या धुऱ्यावर : स्क्रब टायफस आणि त्याच्या साथीचा शोध

अहवालाच्या इतर पानांवर जमाखर्च, रुग्णसंख्या व देणग्यांची यादी आहे. परंतु आकड्यांवरून खर्चाचे प्रयोजन समजतेच असे नाही. म्हणून एका आजाराचा परिचय येथे सविस्तर देत आहोत. मोहाडी हा धानाचा तालुका. रोवणी आटोपून निंदणी सुरू झाली की बाह्यरुग्ण विभागात तापाच्या रुग्णांची रांग लागते. त्यात मलेरिया असतो, डेंग्यू असतो, लेप्टोस्पायरोसिस असतो. आणि याच गर्दीत लपून येतो तो स्क्रब टायफस.

आजाराची ओळख

नावातील साम्यामुळे अनेक नातेवाईक यास टायफॉईड समजतात. तो गैरसमज आहे. टायफॉईड दूषित अन्नपाण्यातून होतो. स्क्रब टायफस चाव्यातून होतो. ‘ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी’ हा त्याचा जीवाणू जपानमधील अभ्यासातून प्रथम ज्ञात झाला. दुसऱ्या महायुद्धात आसाम व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या तापाने असंख्य सैनिक जायबंदी केले. 1948 साली क्वालालंपूर येथे क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाने रुग्ण बरे होतात असे सिद्ध झाले आणि या आजारावर खात्रीचा इलाज प्रथमच हाती आला.

हा जीवाणू माईट नावाच्या, गोचिडीच्या कुळातील अतिसूक्ष्म जीवाच्या शरीरात राहतो. भारतात ‘लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स’ ही जात प्रमुख वाहक आहे. पूर्ण वाढलेली माईट मातीत राहते व माणसास चावत नाही. चावते ती तिची अळी, जिला चिगर म्हणतात. ही अळी आयुष्यात साधारणतः एकदाच प्राण्याच्या अंगावर चढते, पोट भरले की गळून मातीत जाते. मग एका प्राण्याचा रोग दुसऱ्यास कसा होतो, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असे की, बाधित माईट आपल्या अंड्यांतून हा जीवाणू पुढील पिढीस देते. म्हणजे रोगाचे खरे भांडार माईट हीच आहे.

उंदराची भूमिका

तर मग उंदीर कशासाठी तपासायचे? उंदीर, घूस व चिचुंद्री हे चिगरचे अन्नदाते आहेत. धुऱ्यावरील गवत, तणसीचे ढीग, घरामागील झुडपे आणि ओलसर माती जेथे एकत्र येतात, तेथे उंदीर नांदतात व त्यांच्या आधारे माईट वाढते. माणूस या साखळीचा भाग नाही. गवत कापताना, शेण वा सरपण वेचताना, उघड्यावर बसताना तो तिच्या मध्ये सापडतो. रुग्णाकडून निरोगी माणसास हा आजार होत नाही, हे शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

साथीचा शोध कसा घेतला जातो

प्रथम रुग्णांची यादी केली जाते : गाव, वय, व्यवसाय व ताप सुरू झाल्याची तारीख. चाव्यापासून ताप येईपर्यंत बहुधा 6 ते 21 दिवस लागतात. त्यामुळे रुग्ण आज कोठे आहे यापेक्षा दोन-तीन आठवड्यांपूर्वी कोणत्या शेतात वा रानात होता, हे विचारणे महत्त्वाचे ठरते. नंतर ही नावे नकाशावर मांडली जातात. रुग्ण एखाद्या वस्तीभोवती एकवटलेले दिसले, तर तपास पथक तेथे जाते.

सायंकाळी बिळांजवळ व घराच्या आसपास आमिष लावून पिंजरे ठेवतात आणि पहाटे उचलतात. पकडलेल्या प्राण्याचे कान व पोटाखालचा भाग बारकाईने तपासून चिगर वेचले जातात. त्यांचे आवडते ठिकाण म्हणजे कानाची पाळ. एकूण चिगरांच्या संख्येस तपासलेल्या प्राण्यांच्या संख्येने भागले की ‘चिगर निर्देशांक’ मिळतो. तो 0.69 पेक्षा अधिक असल्यास त्या भागात धोका आहे असे मानतात. 20 प्राण्यांवर 40 चिगर मिळाले, तर निर्देशांक 2 होतो, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. जमिनीवर काळी पट्टी ठेवूनही चिगर शोधता येतात. काळ्या पृष्ठभागावर चढलेले लालसर ठिपके नजरेस पडतात. प्राण्यांचे रक्त व चिगर यांत जीवाणू आहे काय, हे पीसीआर चाचणीने पाहतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. साथीच्या ऐन भरात केवळ उंदीर मारत सुटल्यास भुकेले चिगर माणसाकडे वळू शकतात. म्हणून आधी गवत व झुडपे काढणे, माईटवर कीटकनाशकाचा उपाय करणे आणि त्यासोबत उंदीर नियंत्रण, हा क्रम योग्य आहे.

विदर्भाचा अनुभव

2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत नागपूर जिल्ह्यात व विदर्भाच्या इतर भागांत स्क्रब टायफसचे अनेक रुग्ण आढळले व काही दगावले. तोवर डोंगराळ प्रदेशाचा आजार म्हणून मानला जाणारा हा ताप आपल्या अंगणात असल्याची जाणीव तेव्हा सर्वदूर झाली. उत्तर प्रदेशातील गोरखपूर भागात मुलांच्या मेंदूज्वराच्या साथी वर्षानुवर्षे येत होत्या. 2015 नंतरच्या तपासणीत त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांमध्ये स्क्रब टायफसचा पुरावा मिळाला. शोध घेतला तरच आजार सापडतो, हाच त्यातील बोध.

हिशेबाची बाजू

प्रौढ रुग्णास डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 7 दिवस, असा सर्वसाधारण उपचार असतो. म्हणजे अवघ्या 14 गोळ्या. गर्भवती स्त्रियांस ॲझिथ्रोमायसिन देतात. याउलट नेहमी वापरली जाणारी महागडी सेफॅलोस्पोरिन इंजेक्शने या जीवाणूवर चालत नाहीत. बिल वाढते, ताप उतरत नाही. उशीर झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंड, यकृत व मेंदू यांस इजा होऊन अतिदक्षता विभाग गाठावा लागतो. 14 गोळ्यांनी वाचू शकणारे शेतमजुराचे घर अशा वेळी कर्जात बुडते, आणि सर्व करूनही माणूस हाती लागेल याची शाश्वती नसते.

तपासणीचाही स्वतंत्र हिशेब आहे. आयजीएम एलायझा चाचणीच्या एका पट्टीत 96 कप्पे असतात. थोड्या नमुन्यांसाठी ती वापरणे परवडत नाही, आणि नमुने साठेपर्यंत थांबणे रुग्णास परवडत नाही. शिवाय पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडे पुरेशी तयार न झाल्याने चाचणी नकारार्थी येऊ शकते. म्हणूनच दाट संशय असल्यास अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावा, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे मार्गदर्शन आहे. गंभीर रुग्णांबाबत 2023 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात, शिरेवाटे दिलेली डॉक्सिसायक्लिन व ॲझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधे एकत्रितपणे एकेकट्या औषधापेक्षा अधिक गुणकारी ठरली.

कुटुंबीयांस विनंती

पावसाळ्यात व त्यानंतर थंडीच्या प्रारंभापर्यंत ताप, तीव्र डोकेदुखी व अंगदुखी असल्यास तीन दिवसांपेक्षा अधिक थांबू नये. काख, जांघ, कंबर, छातीखालचा भाग व कानामागे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसते काय, ते पाहावे. ती दुखत वा खाजत नाही, म्हणून नजरेआड होते. स्त्रिया संकोचाने सांगतही नाहीत. खपली नसली तरी आजार नाही, असे मात्र समजू नये. शेतात कोणते काम केले, तेही डॉक्टरांस सांगावे. स्वतःच्या मनाने औषध घेऊ नये. शेतातून आल्यावर साबणाने स्नान करावे, कपडे बदलून गरम पाण्यात धुवावेत, पूर्ण बाह्यांचे कपडे व बूट वापरावेत आणि घराभोवती गवत वाढू देऊ नये.

देणगीदार व विश्वस्तांस नम्रपणे निवेदन आहे की, या आजारात सर्वांत मोलाची वस्तू यंत्रसामग्री नसून वेळ आहे. तपासणीच्या साहित्यासाठी व गावोगावच्या माहितीसाठी झालेला खर्च लहान दिसतो. ज्या घरचा कर्ता पुरुष वा माउली पुढील रोवणीस बांधीत उभी राहील, त्या घरी त्याचे मोल विचारावे.