गाडी का तापते?

आता बहुतेक गावांत एखादी तरी गाडी असते. कुणाची जीप, कुणाचा टेंपो, कुणाची जुनी मोटार. बैल चारा खाईना, तर आपण लगेच त्याचे अंग चाचपून पाहतो. गाडीचे दुखणेही पुष्कळ वेळा घरच्या घरी ओळखता येते. दुरुस्ती मिस्त्री करील. पण काय बिघडले ते आपल्याला सांगता आले, तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

आधी गाडी तापते का, ते समजून घेऊ.

इंजिनात डिझेल किंवा पेट्रोल जळते. त्या जाळाचा साधारण तिसरा हिस्साच गाडी ओढायला कामी येतो. बाकीच्या उष्णतेतली काही धुराबरोबर निघून जाते. काही मात्र पाण्याने बाहेर काढावी लागते. पंप हे पाणी इंजिनात फिरवतो. तापलेले पाणी पुढे रेडिएटरमध्ये येते. तिथल्या बारीक नळ्यांना वारा लागतो, पाणी निवते आणि परत इंजिनात जाते. गाडी उभी असली म्हणजे वारा कुठला? तेव्हा पंखा वारा घालतो.

म्हणजे पाणी कमी पडले, पाणी फिरेना किंवा वारा लागेना, की गाडी तापलीच म्हणून समजा.

समजा, वैशाखात वऱ्हाडाची जीप आंबोलीचा घाट चढत आहे. आत दाटीवाटीने माणसे आहेत. काटा तांबड्या खुणेला टेकला. पुढून वाफ येऊ लागली. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतो, "अरे, टोपण उघड आणि पाणी ओत की!"

ते ऐकू नये. हात भाजतो, तोंड भाजते, डोळेही जातात.

असे का होते? घरातला कुकर आठवा. शिट्टी पडण्याआधी कुणी झाकण काढते काय? रेडिएटरचे टोपणही तसेच दाब धरून ठेवते. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. दाबाखाली ते ११० अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. टोपण सैल केले की दाब सुटतो. मग त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ते कारंज्यासारखे अंगावर उडते.

म्हणून गाडी कडेला घ्यावी. इंजिन बंद करावे. माणसांना उतरवून सावलीत बसवावे. चाकाला दगड लावावा. मग निदान अर्धा तास थांबावे. मुहूर्त टळला तर टळू द्या. रेडिएटरची वरची नळी हाताला गार लागली, म्हणजे टोपणावर जाड फडके घालून ते हळूहळू फिरवावे. पाणी थोडे थोडे ओतावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी घातले तर लोखंडाला तडा जातो. आणि पंख्यापासून हात, पदर, उपरणे दूर ठेवावे. विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू लागतो, बरं का.

आता घरी आल्यावर कारण शोधू. हे काम सकाळी, गाडी गार असताना करावे.

टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये पाणी आहे का, ते पाहावे. कमी असेल तर ते गेले कुठे? गाडीखाली हिरवे किंवा गुलाबी, बुळबुळीत थेंब दिसले तर कूलंट गळते आहे. नळ्यांच्या सांध्यावर पांढरा थर धरला असेल, तर गळती तिथेच. नुसते स्वच्छ पाणी एसीचेही असते. त्याची काळजी नको.

बाहेर थेंब नाही, तरी पाणी घटते? मग ऑईलचे टोपण काढून पाहावे. आत ऑईल दुधाच्या चहासारखे झाले असेल, किंवा गाडी गरम झाल्यावरही मागून पांढरा धूर येत राहिला, तर हेडचे गॅस्केट गेलेले असू शकते. ही गाडी चालवू नये. ओढून न्यावी. एवढ्यात थांबले तर गॅस्केटवर भागते. तशीच पळवली तर इंजिनच बसते.

पाणी पुरेसे आहे, आणि गाडी बाजारात उभ्या उभ्याच तापते, रस्त्यावर नाही? पंखा पाहा. चढावर तापते? रेडिएटरच्या तोंडाशी चिखल, भुसा, किडे अडकलेत का पाहा. काटा वर गेला, तरी रेडिएटरची खालची नळी गारच असली, तर पाणी फिरत नाही. पंप गेला असेल, रेडिएटर तुंबला असेल, नाहीतर थर्मोस्टॅट अडकला असेल. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची झडप. काही लोक ती काढूनच टाकतात. आम्हाला हे पटत नाही. इंजिन नीट तापलेच नाही, तर तेल जास्त जळते.

बोअरचे पाणी रोज भरू नये. बंबात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो. अडचणीत चालेल, एरवी कूलंटच घालावे. ते चवीला गोड पण विषारी असते. काढलेले कूलंट घमेल्यात उघडे ठेवू नये. पोर किंवा कुत्रे पिईल.

बाकीची दुखणी थोडक्यात सांगतो. चावी फिरवल्यावर नुसते कटकट वाजते आणि दिवे मंद होतात? बॅटरी उतरली आहे, किंवा तिच्या टोकांवर क्षार साचला आहे. बॅटरीजवळ विडी ओढू नये. तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. काळा धूर येत असेल तर हवेची जाळी तुंबलेली असू शकते. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. ऑईलचा तांबडा दिवा लागला, तर तिथेच इंजिन बंद करावे. आणि चालत्या गाडीत बॅटरीचा दिवा लागून काटाही चढू लागला, तर पट्टा तुटला असे समजावे. पुष्कळ गाड्यांत बॅटरी भरणारे यंत्र आणि पाण्याचा पंप हे दोन्ही एकाच पट्ट्यावर चालतात. पट्ट्याला चिरा पडल्या का, हे महिन्यातून एकदा गाडी बंद असताना पाहावे. पाच मिनिटे लागतात.