दिवस वाढतो, थंडीही वाढते

मी मूळचा धारचा. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. अठराव्या शतकात मराठे सरदार माळव्यात गेले, त्यांच्यामागून कितीतरी मराठी घरेही गेली. आमचे घर त्यांपैकीच एक. इकडे सीमाभागात शिकायला आल्यापासून मला हटकून विचारले जाते, "तिकडे थंडी फार असते का हो?" असते. पहाटे हरभऱ्यावर पाला पडण्याची धास्ती, दहा वाजेपर्यंत धुके, आणि सहाच्या आत दिवेलागण.

मी बारावीत असताना नोव्हेंबरात आई गेली. डिसेंबरात वडिलांनी मला देवासला आत्याकडे पाठविले. आम्ही ख्रिस्ती. आत्याच्या घरी नाताळची तयारी चालली होती. करंज्या तळल्या जात होत्या. मी मात्र गोधडी ओढून पडून असे. एका संध्याकाळी मी म्हणालो, "आत्या, यंदा मला नाताळ नकोच. मला कसली आशाच वाटत नाही."

ती रागावली नाही. म्हणाली, "अरे, बावीस तारखेनंतर दिवस मोठा व्हायला लागतो, हे शाळेत शिकलास ना? मग आपण स्वेटर लगेच पेटीत टाकतो का?"

तिच्या या प्रश्नातच मला धडा मिळाला. २२ डिसेंबरच्या सुमारास आपल्याकडे दिवस सर्वांत लहान असतो; धार-देवासकडे तो जेमतेम पावणेअकरा तासांचा. त्यानंतर प्रकाश वाढू लागतो. पण रात्री अजून मोठ्याच असतात. जमीन दिवसा मिळवते त्याहून अधिक उष्णता गमावते. म्हणून खरा कडाका बहुधा जानेवारीतच येतो. वळण आधी येते, ऊब मागाहून.

शुभवर्तमानातही हेच दिसते. येशूच्या जन्माने हेरोदाचा जुलूम थांबला नाही. उलट, बालकाला घेऊन योसेफ व मरिया यांना मिसर देशी पळावे लागले. जन्माची तिथी शुभवर्तमानात दिलेली नाही; २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये चौथ्या शतकात पाळला जाऊ लागला. तरी ऐन थंडीतला हा सण मला अर्थपूर्ण वाटतो. ख्रिस्ती आशा म्हणजे दुःख संपल्याची बातमी नव्हे. दुःखात देव आपल्याजवळ आला आहे, हा विश्वास होय.

आपल्या मराठीत याचे उदाहरण आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरेच होते. रीतसर शालेय शिक्षण न झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. शोक सरेपर्यंत त्या थांबल्या असत्या, तर त्या ओळी कोणी लिहिल्या असत्या?

त्या नाताळला मी आत्याबरोबर उपासनेला गेलो. गाणे गळ्यातून निघाले नाही. नुसता उभा राहिलो. जानेवारीत धारला परतलो तेव्हा थंडी अधिकच होती, आणि घरात आई नव्हती. पण वडिलांसाठी पहाटे उठून चहा मी ठेवू लागलो. मित्रहो, तुमच्यापैकी कोणाचे दिवस आज असे असतील, तर एवढेच सांगतो : स्वेटर अंगावर असू द्या, आणि उठा.