रमाबाईंची श्रद्धा

इ. स. १८७४ नंतरच्या वर्षांत मद्रास इलाख्यात दुष्काळाने थैमान घातले होते. तिरुपतीजवळच्या अरण्यात एक विद्वान ब्राह्मण कुटुंब अन्नावाचून भटकत होते. अनंतशास्त्री डोंगरे हे त्या कुटुंबाचे प्रमुख. स्त्रियांना विद्येचा अधिकार नाही असे मानण्याच्या त्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले होते, आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या धाकट्या रमेला दिली होती. पुराणे सांगत, तीर्थयात्रा करीत हे कुटुंब वर्षानुवर्षे हिंडले. जवळचे द्रव्य दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत संपले. अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. भीक मागणे त्यांच्या स्वाभिमानास मानवेना आणि मोलमजुरीची सवय कोणालाच नव्हती.

वृद्ध शास्त्रीबुवांची दृष्टी गेली होती. अंत जवळ आला असे वाटून त्यांनी रमेला पोटाशी धरले आणि सांगितले, की मी तुला ईश्वराच्या हाती सोपवले आहे. तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. थोड्याच दिवसांत ते वारले. आई तापाने अंथरुणाला खिळली. ती भाकरीसाठी कळवळली, तेव्हा रमा शेजारच्या एका बाईच्या दारी गेली. परंतु मागण्यासाठी तोंडातून शब्दच फुटेना. त्या बाईने तिचा चेहरा पाहूनच काय ते ओळखले आणि भाकरी दिली. पुढे आईही गेली. प्रेत उचलावयास पुरेशी माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण आले. भाऊ श्रीनिवास आणि रमा यांनी उरलेल्या दोन बाजू धरल्या. स्मशान सुमारे तीन मैल दूर होते. उंची कमी म्हणून रमेने आपल्या बाजूचा भार खांद्याऐवजी डोक्यावर घेतला. नंतर थोरली बहीणही मृत्यू पावली.

भाऊबहीण हजारो मैल पायी हिंडले. सांगितलेली सर्व व्रते केली, तरी आपले कोणी वाचले नाही. तेव्हा लहानपणापासूनच्या धर्मावरील त्यांचा विश्वास हळूहळू ओसरला. इ. स. १८७८ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविले. परंतु मानसन्मानाने माणसे परत येत नाहीत, आणि राहिलेलीही टिकत नाहीत. इ. स. १८८० मध्ये श्रीनिवास आजारी पडला. आपल्यामागे बहिणीचे कसे होईल, ही त्याची एकच काळजी. आपली चिंता वाहणारा ईश्वरावाचून दुसरा कोणी नाही, असे रमाबाई म्हणाल्या. तसे असेल तर मला कशाचेच भय नाही, असे त्याने उत्तर दिले. त्या एकाकीपणात ईश्वर आपल्याजवळ आहे असे वाटले, असे रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे.

त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत मिळाली आणि त्या ती आवडीने वाचू लागल्या. संसाराला दोन वर्षेही झाली नाहीत, तोच इ. स. १८८२ मध्ये पटकीने पतीचा बळी घेतला. कन्या मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथील ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळीत असलेल्या त्यांनी पाहिल्या. येशूने शोमरोनी स्त्रीशी विहिरीपाशी केलेले संभाषण त्यांनी वाचले, आणि त्यांच्या मनाने निश्चय केला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी हृदयाची खरी शांती आपल्याला त्यानंतर आठ वर्षांनी लाभली, असे त्या स्वतःच सांगत. धर्मांतरामुळे स्वदेशातील पुष्कळ स्नेही दुरावले. इ. स. १८९३ मध्ये पुण्यातील त्यांच्या शारदासदनातून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हे दुःख मृत्यूचे नसले, तरी लहान नव्हते.

इ. स. १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. ज्यांना अशा दिवसांची आठवण असते, ते बहुधा तिकडे पाठ फिरवितात. रमाबाई मात्र तेथे गेल्या आणि उपाशी मुलींना व विधवांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. काही वर्षांतच तेथील मुलींची व स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या जवळपास पोहोचली. विणकाम, शेती, दुग्धालय, छापखाना अशी सारी कामे त्याच करीत. खेड्यातील साध्या बाईलाही कळावे, अशा मराठीत रमाबाईंनी बायबलचे भाषांतर आरंभिले. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या.

परदेशात शिकून परतलेली मनोरमा आईचा उजवा हात झाली होती. आपल्यामागे सारा कारभार तीच पाहील, असे रमाबाईंना वाटे. इ. स. १९२१ च्या जुलैमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाही गेली. आईचे वय त्या वेळी त्रेसष्ट. कानांनी ऐकूही येत नव्हते. तरुणपणी अशाच आघातांनी त्यांची एक श्रद्धा हिरावून नेली होती. ही दुसरी आता टिकेल काय? श्रद्धा ठेवल्याने मृत्यू टळतो, असा करार त्यांनी येशूशी कधी केलाच नव्हता. त्यामुळे मोडण्यासारखे त्यात काही नव्हते. रडू आले, तशा त्या रडल्या असतील. प्रार्थना चालूच राहिली, आणि त्यांनी भाषांतराची मुद्रिते पुन्हा पुढे ओढली.

प्रकृती झपाट्याने ढासळत होती. काम पुरे होईपर्यंत आयुष्य दे, एवढेच त्यांनी देवापाशी मागितले, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. इ. स. १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविले होते मुक्तिसदनातील मुलींनी.