लेझर लेव्हलची बॅटरी दुपारीच का बसते?

प्रश्न : मी फॉल्स सीलिंगची कामं घेतो. माझी हिरव्या रेषांची सोळा लाइनची लेझर लेव्हल पूर्वी दिवसभर चालायची, आता जेवणाच्या सुट्टीआधीच बंद पडते. नवीन बॅटरी घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घ्यावी लागेलही, पण आधी साइटवर किती रेषा चालू असतात ते बघा. सोळा लाइनच्या मशिनमध्ये बहुधा चार डायोड असतात आणि हिरवा डायोड लालपेक्षा जास्त वीज खातो. सीलिंगची लेव्हल काढायला एक आडवी रेषा पुरते. उभ्या रेषा मात्र ‘असू देत’ म्हणून जळत राहतात.

लोलकाचं लॉकही तपासा. काही मॉडेलमध्ये तिरकी रेषा मारता यावी म्हणून लॉक केल्यावरही लेझर चालू राहतो. मशीन पेटीत आणि रेषा चालू, हा प्रकार सर्रास दिसतो.

किटमध्ये दोन बॅटऱ्या असतील तर सोपी कसोटी आहे. दोन्ही पूर्ण चार्ज करा, एकच रेषा लावा, घड्याळ बघा. एकच लवकर बसली तर दोष तिचा. दोन्ही सारख्याच लवकर बसल्या तर आधी बॅटरीचे संपर्क बघा. तिथे पीओपीची पूड बसते. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. पॉलिशपेपर नको, मुलामा जातो. मग चार्जर बदलून बघा.

सुट्ट्या लिथियम सेलचा व्होल्टेज पूर्ण चार्जला 4.2च्या आसपास येतो, पण थकलेला सेलही तेवढा दाखवतो. म्हणून रेषा चालू ठेवून मोजा. बॅटरी फुगली असेल तर मात्र मोजत बसू नका, ई-कचऱ्यात द्या.