संध्याकाळी कुठे बसायचं?

चि. निखिल यास,



दारू सोडायची ठरवलीस आणि पहिले कठीण दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढलेस, याचं मोठं समाधान वाटतं. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. ते तू टाळलंस. पण ‘आता पुढचं माझं मी बघतो, मीटिंगबिटिंगची गरज नाही,’ असं तू म्हणतोस, तिथे मात्र मला तुला थांबवावंसं वाटतं.

आपल्याकडे पिण्याला ‘बसणं’ म्हणतात. ‘आज बसायचं का?’ एवढं विचारलं की पुढचं सांगावं लागत नाही. या शब्दातच सगळं आलं. दारूबरोबर एक वेळ येते, एक जागा येते, चार माणसं येतात. औषधांनी शरीराचा त्रास उतरतो, पण संध्याकाळी सातची वेळ रोज येतेच आणि त्या चौघांचे नंबर फोनमध्ये तसेच असतात. मनाचा निर्धार सकाळी पक्का असतो. दमलेल्या, रिकाम्या संध्याकाळी तो एकटा पुरत नाही. तिथे बसायला दुसरी जागा आणि दुसरी माणसं लागतात. मीटिंगकडे मी असं बघतो. या मीटिंग भरवणाऱ्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे एएचा, उगमही यातच आहे. 1935 च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल अमेरिकेतल्या अॅक्रन गावी धंद्याच्या कामात अपयशी होऊन एका हॉटेलात एकटा उरला होता. दारू सोडून जेमतेम पाच-सहा महिने झालेले, आणि समोर बार. त्याने फोन करून करून आपल्यासारखाच दुसरा दारुडा शोधला. तो निघाला डॉ. बॉब स्मिथ, पेशाने सर्जन. विल्सन त्याला सुधारायला गेला नव्हता, स्वतः पिऊ नये म्हणून गेला होता. तासन् तास दोघं बोलले. डॉ. बॉबने शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935 ला, आणि तोच दिवस या चळवळीचा जन्मदिवस मानला जातो.

‘ही श्रद्धेची गोष्ट झाली, पुरावा कुठे आहे?’ असं तू विचारशील, आणि विचारावंसच. 2006 मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरचे अभ्यास तपासले तेव्हा ठाम निष्कर्ष निघाला नव्हता. 2020 मध्ये तिने पुन्हा आढावा घेतला, त्यात 27 अभ्यास आणि साडेदहा हजारांवर माणसं होती. ज्यांना पद्धतशीरपणे एएच्या मीटिंगकडे वळवलं, त्यांच्यापैकी वर्षाअखेर 100 पैकी 42 जण पूर्ण दारूमुक्त होते. इतर मानसोपचार घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण 35 होतं. फरक डोळे दिपवणारा नाही, पण जी गोष्ट फुकट आहे आणि वर्षानुवर्षं चालू ठेवता येते, तिच्यासाठी तो मोठा आहे. हे कशामुळे होतं याचाही अभ्यास झाला आहे. पिणाऱ्या मित्रांचा गोतावळा कमी होतो आणि चारचौघांत नाही म्हणायचा आत्मविश्वास येतो, ही त्यातली मोठी कारणं निघाली. म्हणजे पुन्हा तेच, कुणाबरोबर बसतोस ते.

उरलेल्या 58 जणांचं काय, हा आक्षेप मला खरा वाटतो. पाय घसरतो, आणि मीटिंगने तो घसरणारच नाही अशी हमी कुणी देत नाही. पण घसरलेल्याला दुसऱ्या दिवशी तोंड लपवावं लागणार नाही अशा जागा थोड्याच असतात. घरी लाज वाटते, ऑफिसात भीती. मीटिंगमध्ये उभा राहून ‘काल प्यायलो’ म्हणणाऱ्याला कुणी मध्ये तोडत नाही, उपदेश करत नाही. त्याचं झालं की पुढचा आपलं सांगतो. एखादी खोली, ओळीने मांडलेल्या खुर्च्या, चहा, नाव सांगायचं तर नुसतं पहिलं, आडनाव नको. फी नाही, शेवटी पिशवी फिरते, तीत जमेल ते टाकायचं, नाही टाकलं तरी चालतं. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. देवाचं म्हणशील, तर एएच्या बारा पायऱ्यांत त्याचा उल्लेख आहे, पण तो ज्याला जसा उमगेल तसा. तेही पटलं नाही तर त्या पायऱ्या बाजूला ठेव आणि नुसतं ऐकत बस.

ओळखीचं कुणी भेटेल ही भीती तालुक्याच्या गावात खोटी नाही. मग सुरुवातीला शेजारच्या गावातल्या गटात जा. मात्र कायमचा गट घराजवळचाच धर, कारण जायचा कंटाळा येईल त्याच दिवशी जाणं सर्वांत गरजेचं असतं, आणि तेव्हा दोन बस बदलून कुणी जात नाही. पत्ता शोधायला 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे. पुण्याचं मुक्तांगण, म्हणजे डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये उभं केलेलं व्यसनमुक्ती केंद्र, तिथेही विचार. वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन कर. एका मीटिंगवरून मत बनवू नकोस. प्रत्येक गटाची माणसं वेगळी, सूर वेगळा, निदान तीन-चार ठिकाणी बसून बघ. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नकोस. आणि सूनबाईला सांग, घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मीटिंग असतात. तिनेही या काळात पुष्कळ सोसलं आहे.

काही मीटिंग खुल्या असतात, त्यांना न पिणाराही येऊ शकतो. पहिल्या दिवशी सोबत हवी असेल तर कळव. मी येईन.

तुझा,
मामा